पर्मनंट आहे का? पुण्याच्या कंपन्यांमधलं प्रेम आणि वर्ग

चाकणच्या एखाद्या कंपनीत एकाच लाईनवर काम करणारा मुलगा आणि मुलगी एकमेकांना आवडू लागली आणि गोष्ट घरी कळली, तर मुलीच्या घरून पहिला प्रश्न कुठला येतो? बाहेरच्याला वाटेल, जातीचा. पण जात आडनाव आणि गाव ऐकल्याबरोबर कळलेली असते, ती विचारावी लागत नाही. तोंडाने विचारला जाणारा पहिला प्रश्न असतो, "पर्मनंट आहे का?"

भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात कितीतरी लग्नं या प्रश्नावर जुळतात आणि मोडतात. प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटात पुण्याच्या औद्योगिकीकरणाचा इतिहास आहे. कारखान्यात सगळ्या जातींची, सगळ्या गावांची माणसं एकत्र आली की जुन्या भिंती आपोआप पडतील, पोरं आपापले जोडीदार निवडतील, असं समाजशास्त्रातले बरेच जण एके काळी मानत होते. पुण्यात तसं झालं नाही. का झालं नाही, हे समजायचं तर आधी वर्ग म्हणजे काय ते बघावं लागेल.

वर्ग म्हणजे पगाराचा आकडा नव्हे

वर्ग म्हटलं की आपल्यापुढे गरीब आणि श्रीमंत येतात, मालक आणि मजूर येतात. कंपनीच्या गेटच्या आत मालक सहसा दिसतच नाही. तिथे कामगाराशेजारी कामगारच उभा असतो. एकाच मशीनवर पहिल्या पाळीला एक जण, दुसऱ्या पाळीला दुसरा. जॉब तोच, टार्गेट तेच, हाताला लागणारं ऑईलही तेच. पहिला पंचवीस वर्षांपूर्वी आयटीआय करून अप्रेंटिस लागला आणि पुढे कायम झाला. दुसरा सहा महिन्यांपूर्वी ठेकेदारामार्फत आला. पहिल्याचा पगार दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो, पण नुसता पगार पाहिला तर फरक अर्धाच कळतो. पुढच्या दिवाळीला आपण कुठे असू हे पहिल्याला माहीत आहे. काही वर्षांनी युनियनचा करार होणार आहे, पतसंस्थेतून कर्ज मिळतंय, ग्रॅच्युइटी साठते आहे, घरच्यांचं आजारपण मेडिक्लेममध्ये निघतंय. दुसऱ्याला पुढच्या महिन्यात गेटपास चालू राहील का, हेसुद्धा सांगता येत नाही.

लग्न हा तीस-चाळीस वर्षांचा व्यवहार. त्यामुळे लग्न ठरवताना आजच्या पगारापेक्षा उद्याच्या शाश्वतीला जास्त भाव असतो. कंपनीतला खरा वर्ग या शाश्वतीवर ठरतो. तो डोळ्यांनाही दिसतो. पुष्कळ ठिकाणी कायम कामगारांच्या गणवेशाचा रंग वेगळा आणि कंत्राटींचा वेगळा. बॅजची पट्टी वेगळी. कायम कामगारांना घ्यायला बस येते, कंत्राटी मुलं शेअर रिक्षाने किंवा तिघांच्या वर्गणीतल्या सेकंडहँड मोटरसायकलवर येतात. एखादी मुलगी कँटीनमध्ये कुणाशेजारी ताट घेऊन बसली, हे दहा टेबलांवरून कळतं आणि त्यावरून जे बोललं जातं, त्यात हा रंग आलेला असतो.

कामगारांच्या या दोन थरांवर पुण्यात आणखी एक थर आहे, आणि वर्गाच्या पुस्तकी व्याख्येत तो नीट बसत नाही. भोसरी, चिखली, आकुर्डी, चाकण इथले मूळ गावकरी. ज्यांच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या, किंवा रस्त्याला लागून राहिल्या, त्यांनी त्यावर बैठ्या चाळी आणि पुढे इमारती बांधल्या. यातल्या कित्येकांनी कधी कंपनीत कार्ड पंच केलेलं नाही. पण दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या डिप्लोमावाल्या भाडेकरूच्या कितीतरी वर ते असतात. घरमालकाची मुलगी आणि भाडेकरू मुलगा यांचं जमलं, तर मुलाचं शिक्षण, निर्व्यसनीपणा, अगदी कायम नोकरीसुद्धा कामाला येत नाही. तिथे वर्ग म्हणजे जमीन. जात एक असली तरी "बाहेरचा" हा शिक्का पुसला जात नाही.

ज्यांना लग्न परवडत होतं

पुण्याच्या कारखानदारीची सुरुवात लष्करापासून झाली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. त्यानंतर गिरणी आली, कागद कारखाना आला, तरी मुंबईच्या मानाने पुणे गिरणगाव झालंच नाही. खरा वेग आला तो स्वातंत्र्यानंतर. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, साठच्या दशकात मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बजाज, टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने उभे राहिले, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. १९७१ मध्ये पिंपरी-चिंचवडची वस्ती लाखभर होती, २०११ मध्ये ती सव्वासतरा लाखांच्या वर गेली.

हे कारखाने मुख्यतः इंजिनिअरिंगचे होते. त्यांना फिटर, टर्नर, वेल्डर हवे होते, आणि त्या काळी आयटीआयच्या या ट्रेडमध्ये मुली जवळपास नसायच्या. शॉप फ्लोअर, म्हणजे जिथे मशीन चालतात ती जागा, पुरुषांचीच. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं लिहिलेलं होतं. सुधा कुलकर्णी नावाच्या इंजिनिअर तरुणीने त्यावर थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि तिला नोकरी मिळाली. पुण्यातच तिची नारायण मूर्तींशी ओळख झाली. तिच्या वडिलांनी सुरुवातीला लग्नाला हरकत घेतली, कारण मुलाकडे धड नोकरी नव्हती. त्या पुढे सुधा मूर्ती म्हणून प्रसिद्ध झाल्या. ही सुशिक्षित घरांतली गोष्ट आहे, कामगारांची नाही, तरी तिच्या मध्यभागी तोच प्रश्न बसला आहे. फिटर-वेल्डरच्या घरातल्या मुलीला कारखान्याचं दार उघडायला मात्र त्यानंतर बराच काळ लागला.

म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या पिंपरीच्या कामगाराचं प्रेम कंपनीत जमण्याचा प्रश्नच नव्हता. तो आधी एकटा यायचा. चुलत्याच्या किंवा गाववाल्याच्या खोलीत चार-पाच जणांत राहायचा, खानावळीत जेवायचा, कायम झाला की गावाकडून स्थळं यायची. आणि कशी यायची! मोठ्या कंपनीतला कायम मुलगा म्हणजे तालुक्यातल्या शिक्षकाच्या बरोबरीचं स्थळ. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, पण कंपनीच्या नावावर देणंघेणं ठरायचं हे त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. लग्नानंतर बायको कधी लगेच, कधी दोन-चार वर्षांनी शहरात यायची. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, निगडीकडे कामगारांना घरं-प्लॉट मिळू लागले, मुलं मराठी शाळेत, मग इंजिनिअरिंगला. एका पगारावर एक कुटुंब मध्यमवर्गात शिरलं.

या पिढीची मेहनत मोठी होती, आणि तिच्या युनियनचा त्यात वाटा होता हे विसरता कामा नये. पण एक गोष्ट नीट बघायला हवी. शाश्वत नोकरीने या माणसांना जातीबाहेर नेलं नाही. उलट जातीतलं अधिक चांगलं स्थळ मिळवून दिलं. रिचर्ड लॅम्बर्ट या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये पुण्यातल्या पाच कारखान्यांमधल्या कामगारांचा अभ्यास केला होता. कारखाना समाज मुळापासून बदलतो ही अपेक्षा त्याला पुण्यात खरी ठरताना दिसली नाही. कामगार नोकरीकडे एखाद्या मालमत्तेसारखं पाहत होते, जी मिळाली की सोडायची नाही. मला या निरीक्षणात पुढच्या चाळीस वर्षांची किल्ली दिसते. आपल्याकडे मालमत्ता घराण्यात राहावी म्हणून लग्नं जातीत, नात्यात होत आली आहेत. नोकरीच मालमत्ता झाल्यावर तिलाही तोच नियम लागला.

ज्यांना भेटायला जागा मिळाली

नव्वदीनंतर चित्र उलटं झालं. कंपन्यांनी स्वेच्छानिवृत्ती आणली, नवी कायम भरती जवळपास थांबवली. बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातलं उत्पादन २००७ मध्ये बंद झालं. उद्योग चाकण-रांजणगावकडे सरकला आणि नोकरीची जात बदलली. देशभरातल्या संघटित कारखान्यांमध्ये कंत्राटी कामगारांचं प्रमाण शतकाच्या वळणावर वीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते अलीकडच्या वार्षिक उद्योग पाहणीत चाळीस टक्क्यांच्या पुढे गेलं आहे. त्याशिवाय टेम्पररी, ट्रेनी, 'शिका आणि कमवा' असे वेगवेगळे प्रकार आहेत.

टेम्पररीचं गणित इथे सांगायलाच हवं, कारण त्याचा लग्नाशी थेट संबंध आहे. वर्षभरात २४० दिवस काम भरलं की कामगाराला संरक्षण मिळतं, आणि आदर्श स्थायी आदेशांनुसार, म्हणजे नोकरीच्या अटींच्या सरकारी नियमांनुसार, तो कायम होण्याचा हक्क सांगू शकतो, असा नियम वर्षानुवर्षं होता. २४० दिवस म्हणजे आठ महिने. म्हणून सात महिने झाले की "ब्रेक". मग गावाकडे जा, किंवा दुसरी कंपनी शोध. कायद्याने दिलेलं संरक्षणच माणसाला वर्षातून एकदा बाहेर काढायचं निमित्त झालं. २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत तर ठरावीक मुदतीच्या नोकरीला सरळ जागा दिली गेली.

याच काळात मुली शॉप फ्लोअरवर आल्या. इलेक्ट्रॉनिक्स, गाड्यांचं वायरिंग, औषधांचं पॅकिंग, आणि आता वाहनांच्या असेंब्ली लाईनवरही. १९४८ च्या कारखाने कायद्यात बायकांना संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवायला बंदी होती. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुरुस्ती करून, संमती आणि सुरक्षिततेच्या अटींवर, रात्रपाळी खुली केली. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून बारावी, आयटीआय, डिप्लोमा केलेल्या मुली एकट्या येऊन खोली करून राहू लागल्या. आजवर या पट्ट्यात पुरुषच फार होते. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडमध्ये हजार पुरुषांमागे साडेआठशेहून कमी बायका होत्या.

मुलींची ही पहिली पिढी आहे जिच्या स्वतःच्या खात्यात स्वतःचा पगार पडतो. त्यातला बराचसा घरी जातो: धाकट्या भावाची फी, आईचं औषध, स्वतःच्याच लग्नासाठी दोन तोळे. तरी हातात फोन असतो, एटीएम असतं, आणि आठवड्यात काही तास कुणाला हिशेब द्यावा लागत नाही. एवढ्या जागेत माणूस आवडू शकतो. लाईनवर तो शेजारी उभा असतो, टार्गेट मागे पडलं तर दोन पीस तिच्या वाटचे करतो. दहा मिनिटांच्या चहाच्या सुट्टीत ओळख होते. तब्येत बरी नसताना कोण मेसचा डबा आणून देतं, यावरून मैत्रिणींना सगळं कळतं.

भेटायचं कुठे, हा वर्गाचाच प्रश्न. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांना कॅफे आहेत. कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त एका खाटेचं भाडं भरून राहणाऱ्या मुलाच्या खोलीत पाच जण, मुलीच्या खोलीची मालकीण रात्री नऊला कडी लावणार. राहतात त्या दुर्गा टेकडी, भोसरीच्या तळ्याची बाग, चिंचवडला मोरया गोसावींच्या देवळामागचा घाट, देहू. त्यातही अडचण वाराची. विजेच्या नियोजनासाठी पिंपरी-भोसरीच्या औद्योगिक पट्ट्याची सुट्टी गुरुवारी ठेवली गेली आणि पुष्कळ ठिकाणी ती तशीच राहिली. दोघं कंपनीत असतील तर गुरुवार मिळतो. एक कंपनीत आणि दुसरी बँकेत, शाळेत किंवा हिंजवडीच्या ऑफिसात असेल, तर एकाची सुट्टी गुरुवारी आणि दुसरीची रविवारी. पाळ्या फिरत्या असल्या तर महिन्यात एखादी दुपार हाताला लागते. कारखान्यातला मुलगा आणि ऑफिसातली मुलगी यांचं प्रेम पुण्यात कमी दिसतं, याचं एक कारण आवडीनिवडीत नाही, ते कॅलेंडरात आहे. कंपनीत भेट होते ती आपल्यासारख्याशीच.

तर पुण्याच्या कामगाराची ही अडचण आहे: आधीच्या पिढीला लग्न परवडत होतं, पण आवडीचं माणूस भेटायला जागा नव्हती. आताच्या पिढीला भेटायला जागा आहे, पण लग्न परवडत नाही.

सुपरवायझर आणि लाईनवरची मुलगी

कंपनीतलं प्रत्येक जमलेलं प्रेम म्हणजे प्रेम, असं मानणं धोक्याचं आहे. लाईनवरची मुलगी कंत्राटी. तिची पाळी कोणती, तिला ओव्हरटाईम मिळणार का, ठेकेदाराला "ही नको, दुसरी पाठव" असा निरोप जाणार का, हे सुपरवायझरच्या हातात. अशा माणसाने चहाला बोलावलं, रात्री मेसेज केला, तर मुलगी हसून उत्तर देते. ते हसणं आवडीचं आहे की नोकरी टिकवायचं, हे पुष्कळदा तिचं तिलाही धड ठरवता येत नाही. बाहेरून बघणारे "तिचं साहेबाशी आहे" म्हणून मोकळे होतात. मला याचा राग येतो, कारण यात दोष नेहमी तिच्याच माथी येतो. साहेब विवाहित निघाला, किंवा प्रकरण वाढलं, तर ब्रेक तिला मिळतो.

उलटही घडतं. वयाने, पगाराने वरचा माणूस मनापासून प्रेमात पडतो, लग्न करतो, संसार नीट होतो. फरक ओळखायची एक साधी कसोटी आहे: नाही म्हटल्याने तिच्या कामावर काही परिणाम होईल का? होत असेल, तर त्या होकाराला होकार म्हणता येत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कंत्राटी कामगार स्त्रीलाही लागू आहे. ती ठेकेदाराच्या पटावर असली तरी ज्या कंपनीत काम करते तिथल्या अंतर्गत समितीकडे तक्रार करू शकते, आणि दहापेक्षा कमी माणसांच्या वर्कशॉपात असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. हे कित्येक मुलींना कुणी सांगितलेलंच नसतं. गेटवर सुरक्षेचे फलक मोठ्या अक्षरात असतात, समितीच्या सदस्यांची नावं मात्र शोधावी लागतात.

मुलीच्या बापाची बाजू

आपण प्रेमाच्या गोष्टीत मुलीच्या बापाला खलनायक करतो. "पर्मनंट आहे का?" हा त्याचा प्रश्न हावरेपणाचा वाटतो. त्याच्या जागी उभं राहून बघा. दोन-तीन एकर कोरडवाहू. पाऊस गेला की सावकार, किंवा ऊसतोडीची उचल. त्याने आयुष्यभर एकच गोष्ट पाहिली आहे, ती म्हणजे बेभरवशाचं उत्पन्न. मुलीला त्यातून बाहेर काढायची त्याच्या हातात असलेली एकमेव संधी म्हणजे तिचं लग्न. आणि मुलगी सांगते की तिला जो आवडतो त्याला दर सात महिन्यांनी ब्रेक मिळतो. त्याला वाटतं, मी शेतात जगलो तेच हे, फक्त शहरात. तो चुकीचं बोलत नाही.

मुलांची बाजूही तितकीच अवघड. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली होत्या. ती बाळं आता वयात आली आहेत, आयटीआय करून चाकणच्या गेटवर उभी राहू लागली आहेत. गर्भातच नाकारलेल्या मुलींचा हिशेब ही पोरं फेडणार. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू मुलांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला, तेव्हा पुष्कळांनी त्याची चेष्टा केली. त्यांचं म्हणणं साधं होतं: मुली कमी आहेत, आणि ज्या आहेत त्यांच्या घरच्यांना नोकरीवाला हवा आहे. नोकऱ्या तर कायम राहिलेल्या नाहीत.

यातून एक गोष्ट होते, ती फारशी बोलली जात नाही. मुलगा म्हणतो, दोन वर्षं थांब, कुठेतरी कायम होतो. मुलीच्या घरी स्थळं येतच असतात. ती पहिलं वर्ष शिकायचं निमित्त काढते, दुसरं वर्ष कंपनीचं. तिसऱ्या वर्षी आई आजारी पडते, किंवा धाकटी बहीण लग्नाची होते. मुलाचा ब्रेक येतो. मग एका गुरुवारी ती गावाला जाते आणि फोन लागत नाही. मुलगी फसवी निघाली असं मुलाचे मित्र म्हणतात, मुलगा घाबरट निघाला असं तिच्या मैत्रिणी. दोघांपैकी कुणीही काही वाईट केलेलं नसतं. त्यांचं प्रेम कंत्राटापेक्षा लांब होतं, एवढंच.

आणि जात

शाश्वतीचा प्रश्न सुटला की जात आड येत नाही, असं कुणी यातून समजू नये. देशात जातीबाहेर झालेल्या लग्नांचं प्रमाण मोठ्या पाहण्यांमध्ये पाच टक्क्यांच्या आसपासच राहिलं आहे. पुण्याकडे खरं तर यासाठी मोठा वारसा आहे. खडकीचा कारखाना सुरू झाला त्यानंतर चारच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात भटजीशिवायचं पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. देहूरोडला, लष्करी डेपोच्या परिसरात, बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. कारखान्यांच्या भोवतीच माणसाला जातीच्या वर उचलणारे विचार रुजले होते, तरी कंपनीच्या लायनीवरची जोडपी आज लपतछपत हिंडतात.

जात आणि वर्ग इथे एकमेकांत मिसळून काम करतात. जात वेगळी असेल, पण मुलगा कायम असेल, पुण्यात फ्लॅट असेल, तर काही घरं वर्ष-दोन वर्षांनी, नातवंड झाल्यावर का होईना, दार उघडतात. मुलगा दलित आणि कंत्राटी असेल तर दार उघडत नाहीच, कधी कधी जिवावर बेततं. उलट मुलगी दलित आणि मुलगा वरच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातीतला, तर मुलाच्या घरचे "राहू दे पुण्यात, गावात आणू नको" म्हणतात. ती सून कंपनीच्या पत्त्यावर सून असते, गावाच्या जत्रेला नसते. शाश्वत नोकरीने थोडी मोकळीक विकत घेता येते, पण किती, हे जात ठरवते.

आळंदीचा रस्ता

घरच्यांचा होकार मिळाला नाही तर या पट्ट्यातली जोडपी आळंदीला जातात. चाकण-भोसरीपासून आळंदी जवळ, मंगल कार्यालयं भरपूर, भटजी, हार, फोटो सगळं एका दिवसात. ज्ञानेश्वरांच्या आईवडिलांना संन्यास सोडून पुन्हा संसार केला म्हणून याच गावाने वाळीत टाकलं होतं, आणि त्यांच्या मुलांना संन्याशाची पोरं म्हणून हिणवलं होतं. त्याच गावात आज घराने टाकलेल्या जोडप्यांच्या डोक्यावर अक्षता पडतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

आळंदीच का, याचं उत्तर कायद्यात आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने जात-धर्म न बघता लग्न करता येतं, पण त्याला तीस दिवसांची नोटीस लागते. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेलं असावं लागतं, आणि नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते. आता कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाकडे भाडेकरार नसतो, आधार कार्डावर गावचा पत्ता असतो. घरमालकाला करार करायचा नसतो, कारण पाच कॉट पाच जणांना दिलेल्या असतात. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून नोंदणी पद्धतीचं लग्न नाही, आणि पुरावा असलाच तर महिनाभर घरच्यांना कळायची भीती. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या जोडप्याला जो कायदा मोकळा करतो, तो खोलीत राहणाऱ्याला उंबऱ्यावरच अडवतो. हिंदू विवाह कायद्यात नोटीस नाही, म्हणून आळंदी. दोघांपैकी एक जण हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख नसेल तर तोही रस्ता बंद.

आळंदीला जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं की हिंदू विवाहात विधी झाले नसतील, तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न सिद्ध होत नाही. म्हणजे सप्तपदी किंवा आपल्याकडचा रूढ विधी खरोखर व्हायला हवा, त्याचे फोटो आणि साक्षीदार हवेत, आणि नंतर महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली विवाह निबंधकाकडे नोंदणी व्हायला हवी. कार्यालयवाल्याने दिलेला रंगीत कागद म्हणजे ही नोंदणी नव्हे.

विशेष विवाह कायद्याने जायचं असेल तर आधी खोलीचा नोंदणीकृत भाडेकरार करून घ्यावा, तो ऑनलाइन होतो आणि खर्च चार जणांत वाटला तर फार येत नाही. नोटिशीचे तीस दिवस झाल्यावर लग्नासाठी तीन साक्षीदार लागतात, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न करावं लागतं, नाहीतर नोटीस पुन्हा द्यावी लागते. म्हणजे ब्रेकचा महिना यात येणार नाही, अशी तारीख धरावी. एक जोडीदार अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातला असेल, तर राज्याच्या आंतरजातीय विवाह योजनेतून ५०,००० रुपये मिळतात. त्याचा अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करायचा. खोलीचं डिपॉझिट, गॅस आणि भांडी यात निघतात. घरच्यांकडून धोका असेल तर लग्नाआधीच पोलिसांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा असे निर्देश दिले आहेत, त्याचा उल्लेख अर्जात करावा. आणि पाळीची वेळ, कंपनीचं गेट, बसचा थांबा हेही त्यात लिहावं, कारण घरचे शोधत येतात ते तिथेच.